सोसायटीची सूचना: फलकावर, व्हॉट्सअ‍ॅपवर की ईमेलने?

नवी कार्यकारिणी आली की सचिवापुढे हा प्रश्न हमखास येतो. टाकी धुवायची असल्याने दुपारी पाणी बंद राहणार असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपला तोड नाही. घरातून लिफ्टने थेट पार्किंगमध्ये उतरणाऱ्याचं फलकाकडे लक्षही जात नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना मात्र ग्रुपवर टाकून भागत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सरकारने दिलेल्या नमुना नियमांनुसार, तिला पूर्ण १४ दिवस द्यावे लागतात, विशेष सभेला ५. सूचना दिल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे सभा अगदी शेवटच्या मुदतीला, ३० सप्टेंबरला घेतली, तरी सूचना १५ तारखेला सभासदांच्या हाती पडलेली हवी. उद्या कोणी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली, तर सूचना पोचल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल. ग्रुपवरचा मेसेज १५ मिनिटांत बदलता येतो, दोन दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनवरून काढताही येतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ग्रुपमध्ये नेमकं आहे कोण? भाडेकरू असतो, मालक नसतो. सून असते, पण भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) सासऱ्यांच्या नावावर असतो. सभासद नोंदवही आणि ग्रुपची यादी एकदा शेजारी ठेवून पाहा.

ईमेल मला मधला मार्ग वाटतो. तारीख-वेळ राहते, ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल जोडता येतो, परदेशी राहणाऱ्या सभासदालाही तो त्याच दिवशी मिळतो. तरीही आधी सभासदांकडून पत्ते लेखी घ्या आणि तुमचे मंजूर उपविधी काय सांगतात ते वाचा. जे ज्येष्ठ ईमेल उघडत नाहीत, त्यांना छापील प्रत घरपोच देऊन वहीत सही घ्यावी. चाळीस घरांच्या इमारतीत हे एका संध्याकाळचं काम आहे, त्याचा कंटाळा करू नये. फलकावरही एक प्रत लावावीच.

गळती आणि पार्किंगच्या तक्रारी मात्र ग्रुपवर अजिबात घेऊ नका. तिथे दोघं भांडतात, बाकीचे बघत राहतात आणि वरच्या मजल्यावरून पाणी झिरपतच राहतं. लेखी अर्ज घ्या, पोच द्या, कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत तो विषय घ्या. इतिवृत्तात नोंद झाली की समितीला उत्तर द्यावंच लागतं.