लिनक्स मिंटवर डीटीपीचं दुकान: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, मी कंप्युटरवाली बाई नाही. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणारी, फुकट मिळणारी सिस्टिम. कराडात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रिया विधीची कार्डं, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि दिवसभर आधार-पॅनच्या प्रिंटा. २००४ पासून हेच करते. एवढ्या वर्षांत दुकानातल्या मशिनवर पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर किती होतं? एकही नाही. विंडोज, पानं लावायचा पेजमेकर, डिझाइनचं कोरेल, फोटोशॉप, मराठी फॉण्ट, सगळं कॉपी. पहिली सीडी कोल्हापुरातून पन्नास रुपयांना आणली होती, वर स्केचपेननं ‘ऑल इन वन’ लिहिलेली. आपण चोरी करतोय असं मनातसुद्धा आलं नाही, कारण मशीन जोडून देणाराच सगळं आत भरून द्यायचा. माऊसपॅड फुकट येतो तसं तेही यायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ यायला लागलं. दुकानातल्या पोरानं नेटवरून नवा ॲक्टिव्हेटर, म्हणजे कॉपीचं विंडोज चालू ठेवणारा प्रोग्राम, उतरवला. त्याच्याबरोबरच्या सूचनांत पहिली ओळ होती: अँटिव्हायरस बंद करा. आम्ही बंद केला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या म्हणा ना. दहा-बारा दिवसांनी माझ्या मेलवरून ओळखीच्या गिऱ्हाइकांना ‘बिल’ नावाची फाइल गेली. पासवर्ड बदलला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी नणंदेच्या मुलाला फोन केला, तो इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, ‘मामी, पासवर्ड कुणी विचारतच नाहीये. तुम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन राहता त्याची कुकी, म्हणजे लॉगिनची खूण, उचलून नेलीये, तिच्यावर ओटीपीही लागत नाही.’ सगळीकडून साइन आउट केलं, मशीन पुसलं, तेव्हा ते थांबलं.

त्यातच विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळलं. माझं मशीन चौथ्या पिढीचं आय-थ्री. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची साधारण आठवी पिढी. म्हणजे माझं मशीन बादच. भाच्यानं जूनमध्ये येऊन २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्स मिंट २२.१ टाकलं. सप्टेंबरमध्ये २२.२ आलं, ते मीच अपडेट मॅनेजरमधून घेतलं. या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर मशीन टिकलं तरी पुष्कळ.

पहिल्या दिवशीचा अनुभव अगदी साधा होता. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, डेस्कटॉपवर फोल्डर. मशीन सुरू व्हायला पूर्वी एक चहा व्हायचा, आता बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत तयार असतं. अर्थात त्यात एसएसडीचं श्रेय मोठं आहे, सगळंच लिनक्सला देऊ नये. नवा इंक टँक प्रिंटर वायफायवर आपोआप सापडला, एक ड्रायव्हरसुद्धा टाकावा लागला नाही. जुन्या लेझर प्रिंटरनं मात्र दीड दिवस खाल्ला. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्या मॉडेलचा लिनक्सचा ड्रायव्हर इतका जुना की तो चालवायच्या नादात भाच्याची सुट्टी संपली. शेवटी तो प्रिंटर शेजारच्या विंडोजच्या मशिनला जोडला आणि नेटवर्कवरून वापरतो. हो, विंडोजचं एक मशीन ठेवलंय, त्याबद्दल पुढे.

खरा त्रास मराठीचा झाला, आणि इथे जरा सविस्तर लिहिते, कारण लिनक्स चांगलं की वाईट सांगणारे या भानगडीत पडतच नाहीत.

आम्हा डीटीपीवाल्यांची मराठी म्हणजे खरं तर मराठी नव्हेच. श्रीलिपी काय, कृतिदेव काय, आतमध्ये सगळी रोमन अक्षरं नि चिन्हंच, फक्त त्यांना देवनागरीचे कपडे चढवलेले. फॉण्ट काढून घेतला की पत्रिकेतला ‘श्री गणेशाय नमः’ म्हणजे कंस, अंडरस्कोर आणि एबीसीडीची भेळ. माझे तेही फॉण्ट कॉपीचेच. नव्या मशिनवर मी ते टाकले नाहीत. मग युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीवर, येण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली, मिनिटाला ३० आणि मग ४० शब्द. त्या बोटांना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर अशी सवय. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे युनिकोडच्या मराठी कीबोर्डमध्ये, उलट: जसं बोलतो तसं, आधी क आणि मग वेलांटी. रफाराचंही तेच. ‘धर्म’ लिहिताना पूर्वी ध, म आणि मग वर रफार ठेवायचे. आता ध, र, हलन्त, म. पहिले तीन आठवडे मी अक्षरशः रडकुंडीला आले. एका पत्रिकेत ‘येणाऱ्या’ ऐवजी ‘येणार्या’ छापलं गेलं, या च्या डोक्यावर रफार. गिऱ्हाईक निवृत्त मास्तर, त्यांनी दोनशे पत्रिका परत केल्या. तेव्हा कळलं की त्या जागी साधा र नव्हे, शिफ्ट दाबून येणारा नुक्त्याचा ऱ लागतो. आता चूक होत नाही, आणि वेगही जवळपास जुना आलाय.

दुसरी एक गोष्ट कळली, तिनं मात्र मला खूश केलं. राज्य सरकारनं २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायचं ठरवून दिलंय. शाळेच्या कामाला ते बघतात. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) नोटो सान्स देवनागरी फॉण्ट घेऊन मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली, की तीच अक्षरं डोळ्यांदेखत मराठी वळणाची होतात. फॉण्ट तोच, फाइल तीच. मी दोनदा करून पाहिलं, मग पोराला बोलावून दाखवलं. आता पत्रिकांना मुक्ता, बलू आणि यशोमुद्रा वापरते, तिन्ही मोकळ्या परवान्याचे. सुलेखनाच्या वळणाचे, नक्षीदार फॉण्ट मात्र कमी पडतात. लग्नाच्या नावांसाठी लोकांना जे झुपकेदार अक्षर हवं असतं, त्यात मोफत युनिकोडची दुनिया गरीबच आहे.

बाकी सॉफ्टवेअरचं थोडक्यात. लिबरऑफिसवर प्रश्नपत्रिका, अर्ज, बिलं सगळं होतं. मात्र शाळेतून वर्डची फाइल आली, तक्ते भरपूर असले, की एखादी ओळ पुढच्या पानावर उडी मारते. छापण्याआधी एकदा नजर घालावीच लागते. स्क्रायबसमध्ये, म्हणजे पेजमेकरच्या जागी, पावतीपुस्तकं आणि पुस्तिका लावते. १.६ आवृत्तीत जोडाक्षरं नीट येतात आणि सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ थेट निघते, ऑफसेटवाला ती कुरकुर न करता घेतो. कोरेलसारखं इंकस्केप मला आवडलं, पण त्याचं रंगांचं गणित स्क्रीनचं आहे, छपाईचं नाही. आणि फ्लेक्सवाले? त्यांना कोरेलचीच फाइल हवी. डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका आल्या, रात्री अकराला कार्यकर्ते ‘ताई, साहेबांचा फोटो जरा मोठा करा’ म्हणत उभे. त्या दिवसांत मी मिंटकडे फिरकलेसुद्धा नाही. त्यासाठीच ते दुसरं मशीन आहे, त्यावर विकतचं विंडोज आणि वर्षाच्या वर्गणीचं कोरेल. ती वर्गणी भरताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. टॅली आणि अंगठ्याचं केवायसीचं यंत्रही तिथेच.

आता कॉपीबद्दल. आमच्या धंद्यात सगळे म्हणतात, ‘एवढं महाग ठेवल्यावर माणूस दुसरं काय करणार?’ मीही वीस वर्षं हेच म्हणत होते आणि आजही ते पूर्ण खोटं मानत नाही. तालुक्याच्या गावातल्या दुकानाला परदेशी भावाचं सॉफ्टवेअर झेपत नाही. पण कायदा असा आहे की कॉपी आहे हे माहीत असून कंप्युटरवर वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी खाली कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घरी, कमाईसाठी नसेल तर कोर्टाला कैद न देण्याची मुभा आहे. दुकानाला ती पळवाट नाही. हे मला धंद्याच्या एकविसाव्या वर्षी कळलं.

आणि त्याहून जास्त बोचलेली गोष्ट वेगळीच. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, तासभर बसून पत्रिका डिझाइन करून घेतं, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणत स्क्रीनचा फोटो काढतं आणि छापून घेतं दुसरीकडे. त्याबद्दल मी एकदा जेवताना तावातावानं बोलत होते. भाचा वरण ओतता ओतता म्हणाला, ‘मामी, तुमचा पेजमेकर कुणाचा?’ पेजमेकर ॲल्डस कंपनीनं १९८५ मध्ये काढलेला, १९९४ मध्ये ॲडोबीकडे गेला, २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची. आज तो कुणी विकतही नाही. हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो हसला आणि ताक मागितलं.

गिऱ्हाइकांना मिंटचं कौतुक वगैरे काही नाही. एकानं विचारलं, ‘फुकटचं आहे म्हणजे क्रॅकच ना?’ मी म्हटलं, नाही, बनवणाऱ्यांनीच फुकट दिलंय. त्याचा विश्वास बसला नाही.

मला या आठ महिन्यांत सर्वांत उपयोगी पडलेली सोय म्हणजे पाहुण्यांचं लॉगिन. ती मुळात बंद असते, लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. त्याचं असं झालं, जुनं मशीन पुसायच्या आधी डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं तर आत साडेनऊ हजार फाइली. आधार, पॅन, जातीचे दाखले, मेडिकल रिपोर्ट, एकाचा घटस्फोटाचा कागदसुद्धा. लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात, आम्ही प्रिंट देतो, फाइल तिथेच राहते. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड तर सगळ्या झेरॉक्सवाल्यांना पाठ आहे: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. गिऱ्हाईक ते रांगेत सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगतं. आणि त्या मशिनवर तो ॲक्टिव्हेटर बसलेला होता, किती दिवस, काय काय उचलून नेत होता, देव जाणे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता काउंटरच्या बाजूच्या स्क्रीनवर पाहुण्यांचं लॉगिन असतं. गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सॲप वेब जोडतं, प्रिंट घेतं, मी लॉगआउट करते, आणि त्या सत्रातल्या सगळ्या फाइली, लॉगिनसकट, आपोआप पुसल्या जातात. थोडा वेळ जास्त जातो. दुपारच्या गर्दीत लोक वैतागतात, म्हणतात ‘ताई, पूर्वी पटकन व्हायचं.’ जे माझ्या नंबरवरच पाठवतात त्यांच्या फाइली मी संध्याकाळी फोनवरून स्वतः उडवते. जमेल तिथे सांगते की आधारच्या वेबसाइटवर मास्क्ड आधार मिळतं, पहिले आठ आकडे झाकलेलं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयानं, झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, असं पत्रक काढलं होतं आणि दोन दिवसांत मागे घेतलं. तेव्हा आम्ही दुकानदार त्यावर हसलो होतो. पण मास्क्ड कार्ड घेऊन गेलेल्या एका मावशींना पुढच्या खिडकीवरून परत पाठवलं, ‘पूर्ण नंबरचं आणा’ म्हणून. मग मीच त्यांना पुन्हा पूर्ण कार्ड छापून दिलं. पाच रुपये घेतले नाहीत.

वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. झेरॉक्सच्या दुकानाला त्यातलं काय आणि कसं लागू होणार हे आमच्या संघटनेच्या बैठकीत अजून कुणी काढलेलं नाही. तिथे विषय असतो कागदाच्या रिमचा भाव.

मग मिंट घ्यावं का? नुसतं झेरॉक्स, अर्ज, प्रश्नपत्रिका असं काम असेल तर बिनधास्त घ्या, पण प्रिंटरचं मॉडेल आधी तपासा आणि पेनड्राइव्हवरून चालवून बघा, मशिनवर न टाकताही चालतं. टाइमशिफ्ट, म्हणजे मशीन आधीच्या स्थितीत परत नेणारी सोय, पहिल्याच दिवशी सुरू करा. पोरानं काहीतरी खेळ करून स्क्रीनच काळी केली होती, मागच्या दिवसावर जाऊन दहा मिनिटांत दुकान सुरू झालं. फ्लेक्सचं काम असेल तर एक विंडोज मशीन राहू द्या. आणि मराठी टाइपरायटरवर घडलेली बोटं असतील तर तीन आठवडे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

एक कबुली राहिली. टेबलाखाली सर्वांत जुनं मशीन अजून आहे, एक्सपीचं, नेटची वायर काढलेलं, त्यावर तोच कॉपीचा पेजमेकर आणि तेच फॉण्ट. वीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत. लिबरऑफिस पेजमेकरची फाइल उघडतं, पण मजकुराची भेळच दिसते. गेल्या आठवड्यात एक आजोबा आले, २००९ मध्ये मीच लावलेला त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत, त्यात दोन पिढ्या वाढवायच्यात. मजकूर जुन्या मशिनमधून काढला, युनिकोडमध्ये बदलून घेतला, तर प्रत्येक ‘श्र’चा काहीतरी भलताच आकार झालाय आणि श्रीधर, श्रीपाद, श्रीनिवास यांनी घराणं भरलेलं आहे. एकशे बारा पानं आहेत. सध्या पान ३७ वर आहे.