घरीच मढवलेली कामाची खुर्ची: नऊ महिन्यांनंतर

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी मी माझी फिरती खुर्ची घरीच मढवली. आता ऑक्टोबर सुरू आहे. रोज आठ-नऊ तास मी तिच्यावरच असतो आणि डोंबिवलीतला उन्हाळा-पावसाळा तिने काढलाय, म्हणून आता खात्रीने लिहितो.

खुर्ची सात वर्षांची. सांगाडा, चाकं, हायड्रॉलिक सगळं ठणठणीत. फक्त वरच्या काळ्या लेदरेटचे पापुद्रे निघून कपड्यांना चिकटायचे. यात दोष वापराचा कमी आणि हवेचा जास्त. असल्या कापडावरचा पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि सुटतो. त्यामुळे पुन्हा तेच लावायचं नव्हतं. पीव्हीसीच्या रेक्झिनचे असे पापुद्रे निघत नाहीत, पण एप्रिलमध्ये त्यावर तासभर बसलं की मांड्या घामाने भिजतात. शेवटी सोफ्याचं जाड विणीचं कापड घेतलं, 54 इंच पन्ह्याचं, एक मीटर. त्यात बैठक आणि पाठ दोन्ही बसले.

खरा फरक पडला तो फोमने. दुकानात हाताला मऊ लागतो तो फोम घ्यायचा मोह होतो. पण डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, आणि ती बोटाने दाबून कळत नाही. मी 40 डेन्सिटीचा, 2 इंच जाडीचा घेतला. पहिले पंधरा दिवस बाकावर बसल्यासारखं वाटलं. आज बैठकीवर पट्टी आडवी धरून पाहिली: मधोमध जेमतेम दोन-तीन मिलीमीटर दबलाय. जुन्या फोममधून खालचा प्लाय लागायचा.

मोठी चूक झाली ती पुढच्या कडेला. मी फोम सरळ उभा कापला होता. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यांमागे रुतायला लागलं, संध्याकाळी पायांना मुंग्या यायच्या. मग पुढच्या बाजूच्या, स्टेपल गनने मारलेल्या पिना स्क्रूड्रायव्हर आणि पकडीने उपटल्या, फोमची पुढची खालची कड हॅकसॉच्या पात्याने तिरकी कापली, रबर सोल्युशन लावून ती प्लायला चिकटवली आणि कापड पुन्हा खाली ओढून घेतलं. वरची कड आपोआप गोल झाली. मुंग्या थांबल्या. नव्याने करणाऱ्याने बाकी काही विसरलं तरी चालेल, ही कड विसरू नये.

पिना मारताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, मग तिथून कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपऱ्यांच्या चुण्या सगळ्यात शेवटी. माझा प्लाय 12 मिलीमीटरचा, म्हणून 10 च्या पिना वापरल्या. खालच्या टी-नटची (प्लायमध्ये बसवलेले, स्क्रू अडकवायचे धातूचे नट) भोकं कापडाखाली झाकली गेली आणि ती टोच्याने शोधण्यात अर्धा तास गेला. आधीच त्यांचे फोटो काढून मापं लिहून ठेवायला हवी होती.

पाठ मात्र मनासारखी झालेली नाही. ती आत वळलेली आहे, आणि ताणलेलं कापड त्या खोलगट भागावर नुसतं तरंगतं. जुलैपर्यंत तिथे सुरकुत्या आल्या. फोमला कापड चिकटवून मग ताणायला हवं होतं. शिवाय पावसाळ्यानंतर खुर्ची उलटी केली तर साध्या पिनांवर गंज चढलेला, दोन ठिकाणी कापडावर तांबूस डाग. खालच्या बाजूला आहेत, दिसत नाहीत, पण मला माहीत आहेत.

खर्च: फोम 380, कापड 340, स्टेपल गन पिनांसकट 550, सोल्युशन 90, एकूण 1360 रुपये. गन आता घरातच आहे, त्यामुळे पुढच्या खुर्चीला तो खर्च नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पाठ पुन्हा उघडणार आहे. स्टेनलेस स्टीलच्या पिना आणून ठेवल्यात.