‘कट्यार’चा प्रयोग आणि माझे गुरुजी

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. त्याचा प्रयोग गेल्या रविवारी पुण्यात पुन्हा पाहिला. लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले, तेव्हा खाँसाहेब आफताब हुसेन मला निव्वळ खलनायक वाटले होते. राजगायकाला एक खून माफ असलेली ती कट्यार तेवढी लक्षात राहिली होती. या वेळी मात्र, खाँसाहेबांच्या हवेलीत राहून चोरून त्यांचे गाणे टिपणाऱ्या तरुण सदाशिवापेक्षा, आयुष्यभर दुसऱ्या क्रमांकाची सल उराशी बाळगणाऱ्या त्या गायकाकडेच माझे डोळे लागून राहिले.

नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाला दोन चाली दिल्या आहेत. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडित भानुशंकर यांची संथ, निवांत. खाँसाहेबांची ताना घेत झेपावणारी. दुसरी चाल गाताना नटाचा आवाज वरच्या षड्जावर किंचित फाटला, आणि त्या फाटण्यात मला माणूस दिसला. नारायण पेठेतले माझे गुरुजी दुसऱ्याच्या गाण्याला कधीच दाद देत नसत. तो मी त्यांचा अहंकार समजत आलो होतो. मध्यंतरात चहा हातात तसाच निवत राहिला.

ध्वनिव्यवस्था सदोष होती, ऑर्गन तबल्याखाली दबत होता. तरीही तिकिटाचे पैसे सार्थकी लागले. शक्यतो पुढच्या पाच रांगांत बसावे, म्हणजे गाताना बदलणारा चेहरा नीट दिसतो. येत्या गुरुवारी गुरुजींकडे जाणार आहे.