प्रोस्टेट (पुरुषांमधली लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी) मोजायचंय, सोनोग्राफी करू की एमआरआय?
बाबा ७१ चे, रात्री चारदा लघवीला उठतात, आणि इंदूरच्या मे महिन्यातसुद्धा उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, तर आधी सोनोग्राफी केली. लिटरभर पाणी पिऊन बाकावर बसले आणि मग "अरे लवकर घ्या हो आत" सुरू. दहा मिनिटांत झालं, शिवाय लघवी करून आल्यावर ब्लॅडरमध्ये किती उरली तेही मोजलं, आणि माझ्या मते या वयात तोच आकडा जास्त कामाचा.

प्रोस्टेटचं माप दोन्हीत सहसा एकाच हिशोबाने काढतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.५२, पण सोनोग्राफीत मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे थोडा फरक पडतो. एमआरआयमध्ये प्रोस्टेटचे भाग वेगळे दिसतात, म्हणजे वयानुसार वाढतो तो नळीभोवतीचा आतला भागच वाढलाय की बाहेरच्या भागात काही गडबड आहे ते कळतं. रेडिएशन कशातच नाही. पण खर्च कितीतरी जास्त, आणि त्या ठकठक बोगद्यात अर्धा तास न हलता पडायचं, बाबा तर वर्तमानपत्र वाचतानाही हलतात!

पीएसए (रक्तात तपासतात ते प्रोस्टेटचं प्रोटीन) वाढलेला निघाला तर एमआरआय करूच. लघवीची धार किती जोरात येते ते मात्र दोन्हीत कळत नाही, त्याला युरोफ्लो चाचणी, ती उद्या आहे.