काटा बंद पडला तर? जिनिंगच्या ऑफिसातली बॅकअप व्यवस्था, नऊ महिने वापरल्यानंतर

आधी सामान. काट्याचा (कापसाच्या गाड्यांचं वजन करणाऱ्या) एक संगणक, हिशेबाचे तीन, दोन डिस्कचं नॅस (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्या संगणकांची साठवणपेटी), क्लाउडवर रोज रात्री जाणारी प्रत आणि कपाटात एक जुना पण चालू संगणक राखीव. जून ते फेब्रुवारी, म्हणजे पावसाळ्यातल्या विजांपासून ऐन कापूसखरेदीच्या गर्दीपर्यंत सगळं यावर निघालं.

कोटेशन देणारा पहिल्यांदा विचारतो, ‘डेटा किती टीबी?’ त्याला उलट विचारा, काटा किती वेळात परत सुरू करून द्याल? काट्यावरची एका बंडीचीही नोंद हरवून चालत नाही, आणि फाटकाबाहेर गाड्या उभ्या असताना तासभर बंद म्हणजे भांडणं. हिशेबाचं तसं नाही. पावत्या कागदावर असतात, एका दिवसाचं काम पुन्हा भरता येतं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग तर क्लाउडवर पाठवूच नका, इंटरनेटची लाईन तेच खाऊन टाकतं.

पूर्ण संगणकाची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत, रोज क्लाउडवर, हा पर्याय ऐकायला छान आहे. पण तालुक्याच्या गावात अपलोड ५ एमबीपीएस धरा: १२० जीबीच्या इमेजला सलग ५३ तास लागतात. फक्त डेटाबेसचा, म्हणजे नोंदींच्या साठ्याचा, २ जीबी बॅकअप तासाभरात जातो. म्हणून इमेज आठवड्यातून एकदा नॅसवर, डेटाबेस रोज क्लाउडवर.

खरी डोकेदुखी डेटाबेसमध्ये आहे. काट्याची बरीच सॉफ्टवेअरं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रोग्रामच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीवर चालतात. तिच्यात ठरल्या वेळी बॅकअप घेणारा एजंट नाही. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून आज्ञा चालवावी लागते. डेटाबेसची फाईल नुसती कॉपी केली तर चालू असताना ती लॉक असते. जबरदस्तीने उचललीच तर उघडेल याचा भरवसा नाही. बॅकअप थेट नॅसवर लिहायला सांगितला तर ‘परवानगी नाही’ येतं, कारण लिहिणारी एसक्यूएलची सर्व्हिस असते, तुमचं लॉगिन नव्हे. म्हणून आधी त्याच संगणकाच्या डिस्कवर, मग झिप करून नॅसवर. बॅकअप लहान करण्याची सोय एक्स्प्रेसमध्ये नाही, म्हणून झिप. नॅसचा पत्ता पूर्ण लिहा. ‘झेड ड्राइव्ह’ तुम्हाला दिसतो, रात्री चालणाऱ्या टास्कला दिसेलच असं नाही. विंडोजचा पासवर्ड बदलला की टास्क गुपचूप बंद पडतं, म्हणून सकाळी बॅकअपच्या फाईलची तारीख बघणं हे मुनीमजींचं पहिलं काम.

मिरर पद्धतीची, म्हणजे मूळ फोल्डरमधला प्रत्येक बदल जसाच्या तसा उतरवणारी, कॉपी टाळा. मूळ फाईल बिघडली किंवा पुसली गेली की प्रतही तशीच होते. रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर शेअर केलेलं फोल्डरही त्याच्या तावडीत सापडतं. नॅसवर ३० दिवसांचे स्नॅपशॉट (त्या-त्या दिवशीच्या स्थितीच्या, मागे जाता येणाऱ्या नोंदी) ठेवले, आणि नॅसचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणत्याच संगणकात सेव्ह नाही. क्लाउडवरची प्रत कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची किल्ली छापून तिजोरीत आहे. ती हरवली तर प्रत असून नसल्यासारखी.

राखीव संगणकावर एसक्यूएल त्याच आवृत्तीचं हवं. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनीवर चढत नाही. चाचणीत डेटाबेस पटकन चढतो, वेळ जातो तो काट्याच्या केबलमध्ये. काट्याची केबल संगणकाला जोडणारा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर दुसऱ्या खोबणीत लावला की कॉम पोर्टचा क्रमांक बदलू शकतो आणि स्क्रीनवर वजन येत नाही. क्रमांक आणि बॉड रेट (काट्याकडून आकडे येण्याचा वेग) चिठ्ठीवर लिहून संगणकालाच चिकटवा. टॅलीचं लायसन्स संगणकाला बांधलेलं असतं. ते कोणाच्या ईमेलवर नोंदलंय हे आधीच बघा, नाहीतर सोडून गेलेल्या कारकुनाला शोधत बसाल.

विजेचं थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस नीट बंद करण्यापुरताच. नॅसला यूपीएसची यूएसबी केबल जोडा, म्हणजे वीज गेल्यावर ते स्वतःहून बंद होईल. फायबरमधून आकाशातली वीज आत येत नाही, पण मोडेमच्या अ‍ॅडॉप्टरमधून आणि काट्यापर्यंत उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलमधून येते. गडगडाट सुरू झाला की ती केबल काढायची. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला. रुईची धूळ पंख्यात बसते, सीझनमध्ये दर पंधरवड्याला ब्लोअर मारा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत नॅस ठेवू नका, बहुतेक मॉडेल ४० अंशांपर्यंतचीच असतात.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबवह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा. क्लाउड घेताना मुंबई किंवा हैदराबाद निवडा, आपोआप पडलेली निवड तशीच ठेवू नका.

उणीव एकच, इंटरनेटची दुसरी लाईन नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवस निभतो, रात्रीचं अपलोड अडकतं.

आणि सगळ्यात स्वस्त भाग: कार्बनची पावतीपुस्तकं. संगणक मेला तरी काट्याचा इंडिकेटर (आकडे दाखवणारा डबा) वजन दाखवतच असतो, संगणक फक्त ते वाचून घेतो. हाताने लिहिलेल्या पावत्यांना ‘ह-१’ पासून वेगळी मालिका द्या. नंतर नोंदी चढवताना संगणकाच्या क्रमांकांशी त्या आदळत नाहीत, आणि शेतकऱ्याच्या हातातला कागद व हिशेबपट्टी जुळते.