पांढऱ्या भुकटीपायी गेलेली चांगली बॅटरी

गेल्या गणपतीत मालवणजवळच्या आमच्या घरी गाडी सुरू होईना. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आईला डोळे तपासायला कुडाळला न्यायचं होतं, डॉक्टरांची वेळ महिनाभर आधी घेतलेली. चावी फिरवली की नुसतं ‘टक’. दिवे मात्र लख्ख, हॉर्नही खणखणीत. खरं उत्तर या दोन गोष्टींतच होतं, पण मला ते वाचता आलं नाही.

कुणीतरी हायवेवरच्या बॅटरीवाल्याचा नंबर दिला. तो अर्ध्या तासात आला. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर, म्हणजे केबलचे क्लॅम्प ज्यांना आवळतात त्या खुंटांवर, पांढरी-निळसर भुकटी फुलून आली होती. तो तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मीटरच्या दोन्ही पिना केबलच्या क्लॅम्पांवर टेकवल्या आणि मला चावी फिरवायला सांगितली. आकडा आठच्या आसपास घसरला. “बघा, बॅटरी मेली. आता तिच्यात काय्येक रवाक नाय.”

बॅटरी दोन वर्षांची, वॉरंटी चार वर्षांची. मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, “कार्ड आहे का?” कार्ड ठाण्याच्या घरी. आई पायरीवर तयार होऊन बसलेली. मी हो म्हटलं.

नव्या बॅटरीचे ५,८००, त्यातून जुनीचे ६०० वजा. येण्याजाण्याचे ३००. शिवाय ‘परत भुकटी येऊ नये म्हणून स्पेशल कोटिंग’ ४५०. एकूण ५,९५०, रोख. बिल उद्या देतो म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही. बसवताना त्याने आमच्याकडे पाठ करून क्लॅम्प पॉलिश पेपरने घासले. मला ते नीटनेटकं काम वाटलं. गाडी सुरू झाली ती त्या घासण्याने.

संक्रांतीला गावी गेलो तर पुन्हा तेच, नुसतं ‘टक’. या वेळी चुलतभावाने कुडाळच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला आणलं. त्यांनी मीटरची लाल पीन आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ठेवली आणि मला स्टार्टर मारायला लावला: ११ व्होल्ट. मग तीच पीन खुंटावरून उचलून त्याच्याभोवतीच्या क्लॅम्पवर ठेवली: ८. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधल्या त्या थरात ३ व्होल्ट हरवत होते. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असेल, तर सांध्यात ०.०२ ओहम एवढा अडथळा त्याला पुरतो. हेडलाइटला लागतात जेमतेम दहा अँपिअर, तिथे त्याच अडथळ्यात ०.२ व्होल्टच जातात, म्हणून दिवे लख्ख. बॅटरी पार उतरलेली असती तर चावी न फिरवताही दिवे मिणमिणतेच असते.

ती भुकटी म्हणजे आम्लाचं काम. खुंटाच्या बुडाशी बारीक फट पडली की सल्फ्युरिक आम्ल वर झिरपतं. शिशावर त्याची पांढरी भुकटी होते, तांब्यावर निळी-हिरवी. समुद्राची खारी हवा त्यात भर घालते. आमची ‘नवी’ बॅटरी बुडाशी चक्क ओली होती, वरचा तारखेचा शिक्का खरवडलेला आणि त्यावर नवा स्टिकर. म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी जुनी बॅटरी धुऊन आम्हाला विकलेली. आणि ते कोटिंग म्हणजे चाकाच्या बेअरिंगला भरतात ते ग्रीस, तेही क्लॅम्पच्या आत जाडसर थापलेलं, जिथे धातूला धातू भिडायला हवा.

त्यांनी केलं ते इतकंच. आधी निगेटिव्ह क्लॅम्प सोडला, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. ग्लासभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं. सेलची झाकणं घट्ट होती ना ते आधी पाहिलं, सोडा आत जाता कामा नये. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. मग साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत होईस्तोवर तारेच्या ब्रशने घासली. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह आवळला आणि सगळ्यावर बाहेरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला. डबी आमच्याच घरातली. त्यांनी दीडशे रुपये मागितले.

कुणी तुम्हाला बॅटरी गेली म्हणून सांगितलं, तर मीटर खुंटावर लावायला सांगा, आणि आधी घासून पाहायला सांगा. नवी घ्यायचीच झाली तर तारखेचा शिक्का स्वतः वाचा आणि जीएसटीचं बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला.

आमच्या जुन्या बॅटरीचा पत्ता नंतर लागला. बाबांची सवय होती, बॅटरी बसवली की कडेला ऑइल पेंटने तारीख लिहायची. मीही तशी लिहिली होती. चुलतभावाला ती तारीख वाडीतल्याच एका मासळीच्या टेम्पोत दिसली. ठाण्याहून आणलेल्या कार्डावरचा नंबर ताडून पाहिला, जुळला. टेम्पोवाल्याने त्याच माणसाकडून ती ३,५०० ला घेतली होती, आणि रोज पहाटे बंदरावर जाताना एका चावीत गाडी सुरू होते असं त्याने कौतुकाने सांगितलं. ती परत मागायला माझी जीभ रेटली नाही. तिचे खुंट मात्र त्याच्यासमोर साफ केले, व्हॅसलीन लावलं आणि वॉरंटीचं कार्ड त्याच्याकडे ठेवून आलो.