बंड्या फिरलाच नाही, माझे १५,६४९ रुपये मात्र फिरले

आधी आकडा सांगते: आमच्या कुत्र्याला, बंड्याला, रोज फिरवून आणायला ठेवलेल्या माणसाला दिलेले १५,६४९ रुपये. तीन महिन्यांच्या पॅकेजचे १२,००० ('एकदम भरलेत तर दीड हजार वाचतील, मॅडम'), नोंदणीचे ४९९, जीपीएस ट्रॅकरचं डिपॉझिट २,५०० आणि पावसाळी बुटांचे ६५०. हो, कुत्र्याचे बूट. हसून घ्या, त्यावर येतेच आहे.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. दोघांच्या नोकऱ्या मुंबईत, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि बंड्या म्हणजे ३१ किलोंचा लॅब्रॅडॉर, मांजर दिसलं की माणसाला फरफटत नेणारा. तेव्हा 'एवढी हौस होती तर स्वतः फिरवायचा' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी सकाळची फास्ट लोकल पकडून दाखवावी.

जाहिरात होती 'जुन्या ठाण्याचा फेरा'. गोखले रोड, तलावपाळी, कौपिनेश्वर, जांभळी नाका, टेंभी नाक्यावरून परत. ४० मिनिटं, शिवाय मोबाइलवर लाइव्ह नकाशा. ट्रायलच्या दिवशी खरोखर नेलं. मासुंदा तलावाच्या कठड्याशी जीभ बाहेर काढून बसलेल्या बंड्याचा फोटो आला आणि नवऱ्यानं संध्याकाळीच पैसे पाठवले. मी 'महिन्याच्या महिन्याला देऊ' म्हणत होते, हे नोंदवून ठेवते. पैसे गेले ते कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. असं कुणी सांगितलं की तिथेच फोन ठेवा.

जुलैतल्या एका शनिवारी मी घरी होते. पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसेना. बंड्या फिरून आला आणि सरळ सोफ्यावर चढला. पाठ जराशी ओली, पंजे कोरडे. बोटांमधले केससुद्धा कोरडे, मी हात लावून बघितले. पावसातून आलेला कुत्रा दारात अंग झाडतो आणि भिंतीची वाट लावतो; आमची भिंत लख्ख होती. फिरवणाऱ्याला विचारलं तर म्हणे, 'मॅडम, बूट घातले होते ना, आमचे स्पेशल!' आणि लगेच ६५० चा हिशेब पाठवला. ज्याची नखं कापायला दवाखान्यात तीन माणसं लागतात, त्याला हा पठ्ठ्या एकटा चार बूट घालतो! तिथेच गचांडी धरायला हवी होती. पण मोबाइलवर निळी रेघ तलावपाळीला वळसा घालून घरी आलेली दिसत होती. उपग्रहावर संशय घेणारी मी कोण?

रेघेसोबत वेळही बघा, एवढंच सांगते. तीन किलोमीटरचा फेरा ९ मिनिटांत, म्हणजे ताशी वीस किलोमीटर. जांभळी नाक्यावर सकाळी भाजीच्या टेम्पोंमधून नुसतं पलीकडे जायला किती वेळ लागतो ते ठाणेकरांना सांगायला नको.

बिंग फोडलं ते डॉक्टरांनी. रेबीजच्या लशीला नेलं तर वजन ३४, नखं वाढून वळायला लागलेली. 'डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. हा चालतो कुठे?' चालत नव्हताच. वॉचमनला खोदून विचारलं तेव्हा कळलं, बंड्या मागच्या पार्किंगमध्ये बांधलेला असायचा आणि ट्रॅकर स्कूटरच्या डिकीत बसून पार्सलं पोचवत फिरायचा. 'तुम्हीच सांगितलं असेल असं वाटलं,' म्हणे. ट्रॅकर पट्ट्यालाच अडकवलाय का ते रोज बघा, आणि वॉचमनला पहिल्या दिवशीच विचारा. त्याच संध्याकाळी त्या माणसाचा नंबर बंद.

मग चौकीत गेलो. 'कुत्रा हरवलाय?' नाही. 'चोरीला गेलाय?' नाही. 'मग तक्रार कशाची?' फिरवला नाही म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचा हवालदार चहा बाजूला ठेवून हसला. पूर्वीचं ४२० आता न्याय संहितेत ३१८ आहे, असं मी म्हटलं तर 'मॅडम वकील का?' पैसे ऑनलाइन गेले म्हणून सायबरकडे जा; सायबरवाले म्हणतात माणूस प्रत्यक्ष भेटला होता, चौकीत जा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. महापालिकेत कुत्र्यांच्या परवान्याच्या खिडकीवर तर कमाल: 'आम्ही परवाना कुत्र्याला देतो, फिरवणाऱ्याला नाही. तुमच्या कुत्र्याच्या परवान्याचं नूतनीकरण केलंय का?' म्हणजे गुन्हेगार बंड्याच!

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो भरतेय. पण त्यात समोरच्याचा पत्ता लागतो. आधार कार्डाचा फोटो, घरचा पत्ता, आधीच्या दोन ग्राहकांचे नंबर, हे घेतल्याशिवाय पट्टा कुणाच्या हातात देऊ नका. आणि त्या ग्राहकांना फोन करा, नुसते नंबर ठेवून उपयोग नाही.

परवा पाचपाखाडीतल्या मावसबहिणीनं एक जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, खाली 'आमचे आनंदी ग्राहक' म्हणून मासुंद्याच्या कठड्याशी जीभ काढून बसलेला आमचा बंड्या. दर आता महिना ५,०००.